स्वमग्नता : रोजच्या वागण्याविषयीचे काही गैरसमज

स्वमग्नता, अर्थात ऑटिझम, ही मेंदूच्या घडणीतील एक भिन्नता आहे. ती बालपणापासून असते व आयुष्यभर सोबत राहते. इतरांशी संवाद साधणे, न बोललेल्या गोष्टींचा अर्थ लावणे, बदल स्वीकारणे आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, चव यांसारख्या संवेदना सहन करणे या बाबतींत अशा व्यक्तीची रीत इतरांहून वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४२ लाख ३० हजार आणि धुळे जिल्ह्याची सुमारे साडेवीस लाख होती. जागतिक प्रमाण तिला लावून पाहिले तर खान्देशातील या दोन जिल्ह्यांत जवळपास ५० हजार स्वमग्न माणसे असावीत. हा केवळ गणिती हिशेब आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. तरीही मनात प्रश्न येतोच की, एवढी माणसे आहेत कुठे? ती आपल्या घरांत, वर्गांत आणि धर्मग्रामांत आहेत. आपण मात्र त्यांना हट्टी, लाडावलेला, घुम्या, विक्षिप्त, मंद अशा निरनिराळ्या नावांनी ओळखतो.

गैरसमजांची सुरुवात खुद्द नावापासूनच होते. ‘ऑटिझम’ हा शब्द ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तयार झाला. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो स्किझोफ्रेनियाच्या प्रौढ रुग्णांसंबंधी वापरला होता. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा बालकांचे बारकाईने वर्णन केले आणि त्यांच्यासाठी तोच शब्द उसना घेतला. १९४४ मध्ये व्हिएन्नाचे डॉ. हान्स ॲस्परगर यांनीही तशाच स्वरूपाच्या मुलांविषयी लिहिले. मराठीत आपण ‘स्वमग्न’ म्हणतो. आपल्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात ‘स्वपरायणता’ असा शब्द आहे. दोन्ही शब्द ऐकताच मनात असे चित्र उभे राहते की, हे मूल स्वतःच्या आनंदात बुडालेले असून त्याला इतरांची गरज नाही. हे चित्र बहुधा चुकीचे असते. सोबत हवी असते. ती मागायची कशी, हे त्याला उमगत नाही. मुले खेळत असताना बाजूला उभे राहून त्यांच्याकडे टक लावून पाहणारे, मध्येच धावत जाऊन एखाद्याला ढकलून परत येणारे मूल पुष्कळदा खेळायलाच गेलेले असते. शब्द आता रूढ झाला आहे, म्हणून या लेखातही तो वापरला आहे. परंतु त्याच्या शब्दशः अर्थावर वाचकांनी विसंबू नये.

चाळीस गुणांपासून सुरुवात

‘आमचा मुलगा खेळण्यातल्या गाड्या एका रांगेत लावतो, त्याला ऑटिझम असेल का?’ असा प्रश्न हल्ली पालक विचारू लागले आहेत. दुसऱ्या बाजूने, ‘असे तर सगळेच थोडेफार करतात, त्यात काय विशेष?’ असे म्हणून विषय संपवणारेही आहेत. दोघांचीही चूक एकाच ठिकाणी होते. दोघेही एखादी सुटी कृती उचलून तिच्यावरून निर्णय देतात.

आपल्या देशात स्वमग्नतेचे मूल्यमापन करण्यासाठी एक खास मोजपट्टी आहे. सिकंदराबाद येथील तेव्हाच्या राष्ट्रीय मानसिक अपंग संस्थेने ती तयार केली, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये केंद्र शासनाने अपंगत्व प्रमाणपत्रासाठी तिला मान्यता दिली. तिचे नाव ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’. तीत ४० बाबी आहेत. नजरेला नजर देणे, एकटे राहणे, ऐकलेले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणे, ‘मी’ व ‘तू’ यांची अदलाबदल करणे, हात फडफडवणे, बदलाला विरोध करणे, आवाजाचा अतोनात त्रास होणे इत्यादी. प्रत्येक बाब किती वेळा आढळते यावरून एक ते पाच गुण दिले जातात. क्वचित आढळली तर एक आणि जवळपास नेहमीच आढळली तर पाच. एकूण ७० हून कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही असे मानले जाते. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र.

या मोजपट्टीतील एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि प्रस्तुत लेखकाला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. हिच्यात शून्य गुण मिळूच शकत नाहीत. प्रत्येक बाबीला किमान एक गुण असल्यामुळे कोणीही माणूस तपासला तरी त्याला किमान ४० गुण पडतातच. विचारात गढले असता हाक न ऐकू येणे, परीक्षेच्या वेळी पाय हलवत बसणे, देवळात किंवा देवालयात नेहमीचीच जागा धरणे, जेवणात एखाद्या भाजीला हात न लावणे, गर्दीत जीव गुदमरणे हे सारे मानवी वागणेच आहे. तज्ज्ञ पाहतात ते पुढील गोष्टी : ही लक्षणे किती वारंवार दिसतात, एकट-दुकट दिसतात की पुष्कळशी एकत्र, लहानपणापासून आहेत की अलीकडे सुरू झाली, घरी, शाळेत, नातेवाइकांकडे अशी सर्वत्र दिसतात की एखाद्याच ठिकाणी, आणि त्यांच्यामुळे मुलाचे शिकणे, जेवणे, झोपणे, माणसांत मिसळणे अडते की नाही. केवळ शिक्षकांसमोरच गप्प राहणारे मूल घाबरलेले असू शकते. नोकरी गेल्यानंतर माणसांना टाळू लागलेला तरुण खिन्नतेने ग्रासलेला असू शकतो. त्यांनाही मदत हवीच, पण ती वेगळ्या स्वरूपाची.

म्हणून ‘सगळेच थोडे थोडे ऑटिस्टिक असतात’ हे वाक्य सांत्वन म्हणून बोलले जात असले तरी ते बरोबर नाही. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा अंग तापल्यासारखे सर्वांनाच वाटते, म्हणून सर्वांनाच ताप आला असे कोणी म्हणत नाही.

त्या वागण्याचा अर्थ काय?

लग्नाच्या वरातीत डीजे सुरू होताच कानांवर हात ठेवून किंचाळणाऱ्या मुलाला आपण ‘नाटकी’ म्हणतो. पुष्कळ स्वमग्न मुलांना आवाज आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतो. मिक्सर, प्रेशर कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची घरघर यांनीही त्यांना खरोखर वेदना होतात. उलट काही मुलांना संवेदना फार कमी जाणवतात. अशा मुलाला चटका बसला तरी ते रडत नाही, आणि आई म्हणते, ‘फार सोशिक आहे हो!’ कळण्याच्या भाकरीचा खरखरीतपणा किंवा भरताचा गिळगिळीतपणा जिभेला सहन न झाल्यामुळे मूल फक्त वरण-भात किंवा विशिष्ट कंपनीचीच बिस्किटे खाते. त्याला उपाशी ठेवून ‘वळण लावण्याचा’ प्रयत्न येथे हमखास फसतो.

हट्ट आणि कोसळणे यांतील फरकही ध्यानात घ्यावा. दुकानात खेळण्यासाठी लोळण घेणारे मूल मधूनमधून आईकडे पाहत असते. खेळणे हाती पडले की रडणे थांबते. संवेदनांच्या माऱ्याने किंवा अचानक झालेल्या बदलाने कोसळलेले स्वमग्न मूल कोणी पाहत आहे की नाही याची दखल घेत नाही. हवे ते दिले तरी शांत होत नाही, त्याला थांबताच येत नाही. अशा वेळी दरडावणे, मारणे किंवा भोवती गर्दी करून उपदेश करणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. गोंगाट कमी करावा, मोकळ्या जागी न्यावे, कमीत कमी बोलावे व थांबावे. बसस्थानकावर असा प्रसंग पाहणाऱ्याने त्या आईला सल्ला देण्याऐवजी तिची पिशवी धरली तर ती अधिक मोठी मदत ठरेल.

बोलण्याविषयीचे गैरसमज तर याहून विचित्र आहेत. तहान लागलेले मूल आईजवळ येऊन ‘तुला पाणी पाहिजे का?’ असे विचारते आणि घरात हशा पिकतो. मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याची चूक तर्काला धरून आहे. आजवर पाणी मिळण्याच्या आधी त्याने जे वाक्य ऐकले, ते आईचेच होते. त्याने ते संपूर्ण वाक्य पाण्याचे नाव म्हणून उचलले. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारण्याच्या या सवयीला पूर्वी निरर्थक पोपटपंची मानत असत. आज वाचा-उपचारक तिच्याकडे भाषेकडे जाणारी एक वाट म्हणून पाहतात. टीव्हीवरील जाहिरातीचे वाक्य मूल रोज विशिष्ट वेळीच म्हणत असेल तर त्या वेळी काय घडते ते पाहावे. बहुधा अर्थ सापडतो.

नजरेच्या बाबतीत आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत ‘डोळ्यांत पाहत नाही’ हे ठळक लक्षण म्हणून दिलेले असते. आपल्या घरांत मात्र वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालणे हा संस्कार समजला जातो, मुलींच्या बाबतीत तर विशेषच. त्यामुळे नजर न देणे येथे कोणाला खटकत नाही, आणि केवळ त्यावरून काही ठरवणेही योग्य नाही. त्यापेक्षा एक साधी गोष्ट पाहावी. दीड वर्षांचे मूल चांदोबा, बैलगाडी किंवा छपरावरचे माकड बोटाने दाखवते, मग वळून आईच्या चेहऱ्याकडे पाहते आणि पुन्हा माकडाकडे पाहते. त्याला माकड ‘हवे’ नसते. आईनेही ते पाहावे, एवढीच त्याची इच्छा असते. हे दाखवणे, आनंद वाटून घेणे दिसत नसेल आणि मूल हवी ती वस्तू घेण्यासाठी मोठ्यांचा हात एखाद्या अवजारासारखा धरून नेत असेल, तर ते लक्षण नजरेपेक्षा अधिक बोलके आहे.

मुलींविषयी येथेच सांगितले पाहिजे. निदान झालेल्यांत मुलींपेक्षा मुलगे तीन-चारपट असतात. परंतु मुली निदानातून सुटतात, हे आता अभ्यासकांनी मान्य केले आहे. एका कोपऱ्यात शांत बसणारी, कोणाला त्रास न देणारी, इतर मुलींचे पाहून हुबेहूब तसेच वागणारी मुलगी आपल्या समाजात ‘गुणी’ ठरते. घरी आल्यावर ती तासभर रडते, ते कोणी पाहत नाही.

आणखी एक समज असा की, स्वमग्न माणसांना दुसऱ्याचे दुःख कळत नाही. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये या समजाला दुसरी बाजू दाखवली. त्यांच्या मते ही दुहेरी अडचण आहे. स्वमग्न माणसाला इतरांचे मन वाचणे जड जाते, तसेच इतरांनाही त्याचे मन वाचता येत नाही. दोष मात्र एकाच्याच माथी मारला जातो. घरात कोणी रडू लागले की पळून जाऊन दार लावून घेणारा मुलगा निष्ठुर असेलच असे नाही. ते रडणे त्याला असह्य झालेले असू शकते.

चित्रपटांनी वेगळा भ्रम पसरवला. १९८८ च्या ‘रेन मॅन’पासून स्वमग्न म्हणजे आकड्यांचा जादूगार, असे समीकरण झाले. असामान्य स्मरणशक्ती किंवा गणिती कौशल्य काही थोड्यांतच असते. याच्या उलट, स्वमग्न म्हणजे मतिमंदच, हेही खरे नाही. अमेरिकेतील आकडेवारीनुसार सुमारे दोन-पंचमांश मुलांत बौद्धिक अक्षमता सोबत आढळते, उरलेल्यांत नाही.

‘आपोआप बोलेल’

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच होय. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते’, ‘शाळेत घातले की बोलेल’ ही वाक्ये प्रत्येक घरात ऐकू येतात. काही मुले उशिरा बोलतात व पुढे व्यवस्थित होतात, हे खरे आहे. परंतु कोणते मूल त्यांपैकी आहे हे घरी बसून ठरत नाही. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून न पाहणे, बडबड किंवा टाटा करणे, बोट दाखवणे असे हावभाव नसणे. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द न जोडणे. आणि कोणत्याही वयात आलेले शब्द गमावणे ही तपासणीला जाण्याची कारणे आहेत. सोबत कानांची तपासणी अवश्य करावी, कारण ऐकू न येणाऱ्या मुलाचे वागणेही असेच भासू शकते.

आपल्या भागात यात भाषेचाही प्रश्न मिसळतो. घरात आहिराणी, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. चोपडा, यावल, शिरपूरकडील आदिवासी कुटुंबांत पावरी किंवा भिल्ली. ‘इतक्या भाषांमुळे पोर गोंधळले, घरी फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला सर्रास दिला जातो. अनेक भाषा ऐकल्याने स्वमग्नता येत नाही; स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाला दोन भाषांमुळे बाधा येते असेही अभ्यासांत दिसलेले नाही. आजीची आहिराणी बंद केली तर मूल इंग्रजी बोलू लागत नाही, आजीशी असलेले नाते मात्र तुटते.

मोबाइलविषयी थोडक्यात. तासन्‌तास पडद्यासमोर बसवल्याने बोलणे मागे पडू शकते व ते टाळलेच पाहिजे. परंतु मोबाइलमुळे स्वमग्नता ‘होते’ असे सिद्ध झालेले नाही. पुष्कळदा मूल आधीपासून स्वमग्न असते आणि मोबाइलवरच शांत बसते, म्हणून तो त्याच्या हाती दिला जातो.

दोष कोणाचा?

मूल वेगळे आहे असे कळताच घरातील बोट प्रथम आईकडे वळते. हे खान्देशापुरते नाही. अमेरिकेत ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये एक पुस्तक लिहून आईच्या थंड, प्रेमशून्य वागण्यावर ठपका ठेवला आणि असंख्य मातांनी तो अपराध आयुष्यभर वाहिला. त्याआधीच, १९६४ मध्ये, एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी मूळ कारण शारीरिक असल्याचे मांडले होते. १९७७ मध्ये सुसान फोलस्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट झाला. आज शेकडो जनुकांचा संबंध ज्ञात आहे. तरीही ‘गरोदरपणी हिने ग्रहण पाळले नाही’, ‘ही नोकरीला जाते म्हणून’ असे शेरे थांबलेले नाहीत.

लसीविषयीचा संशय कसा निर्माण झाला हे समजून घेण्यासारखे आहे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवर आधारित निबंध लिहून गोवर-गालगुंड-रुबेला लसीशी संबंध सुचवला. त्यातील गैरप्रकार उघड झाल्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये निबंध मागे घेण्यात आला आणि वेकफील्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीचा संबंध आढळला नाही. पालकांना मात्र तो दिसतो, आणि त्याला कारण आहे. काही स्वमग्न मुलांचे आलेले शब्द साधारण दीड वर्षाच्या सुमारास गळतात, आणि आपल्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस नेमका १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. दोन गोष्टी एका महिन्यात घडल्या, एवढाच तो संबंध. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातील पॅरासिटामॉलवर असाच ठपका ठेवला. त्यापूर्वी २०२४ मध्ये स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केली असता तो संबंध टिकला नव्हता.

राहिला पापाचा प्रश्न. बाहेरची बाधा, करणी, भगताकडील उतारे यांत पुष्कळ कुटुंबांची वर्षे जातात, आणि त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत, हे मान्य केले पाहिजे. काही जण ‘आईवडिलांच्या पापाची शिक्षा’ असे म्हणतात. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्य प्रभूला नेमका हाच प्रश्न विचारतात आणि प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. मुलासाठी प्रार्थना जरूर करावी. परंतु प्रार्थनासभेत त्याच्या डोक्यावर दहा जणांनी हात ठेवून मोठ्याने ओरडणे हे ज्याला स्पर्श व आवाज सहन होत नाही अशा मुलासाठी काय असेल, याचा विचार व्हावा.

उपचार आणि बाजार

स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. सोबत असलेली झटके, अनिद्रा, तीव्र अस्वस्थता यांवर औषधे दिली जातात, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. ‘मूळपेशी टोचून बरे करतो’ असे सांगून लाखो रुपये घेणारी केंद्रे महानगरांत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नसल्याचे व तो करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल असे स्पष्ट केले. शेत विकून तेथे जाण्यापूर्वी एवढे माहीत असावे.

उपयोग होतो तो संथ गतीच्या गोष्टींचा : वाचा-उपचार, व्यवसायोपचार, विशेष शिक्षण, चित्रांच्या आधाराने संवाद, ठरलेली दिनचर्या. यांत आईवडिलांना शिकवणे सर्वांत मोलाचे. गोव्यातील ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित सामान्य आरोग्यसेवकांनी पालकांना मुलाच्या कलाने संवाद साधायला शिकवले, आणि मुलांचा पुढाकार वाढलेला दिसला. ज्या तालुक्यांत वाचा-उपचारक मिळणे कठीण आहे, तेथे हा अनुभव आशादायक आहे.

धर्मग्रामात

व्हॅटिकनमध्ये नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वमग्नतेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २२ नोव्हेंबर रोजी सहभागींची व स्वमग्न मुलांच्या कुटुंबांची भेट घेऊन त्यांच्यावरील एकटेपणाचा व कलंकाचा भार हलका करण्याचे आवाहन केले. प्रत्यक्षात, मूल मिस्सेत आवाज करते म्हणून कुटुंबच देवालयात येणे थांबवते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

वास्तविक मिस्सा ही अशा मुलाला मानवणारी गोष्ट आहे. दर रविवारी तोच क्रम, तीच उत्तरे, तेच उठणे-बसणे. आपल्याकडे शांतीचे चिन्ह हात जोडून दिले जाते, त्यामुळे परक्याच्या स्पर्शाचा त्रासही नाही. त्रास होतो तो कर्कश ध्वनिवर्धकाचा, अचानक वाजणाऱ्या घंटेचा, नाताळच्या गर्दीचा. दाराजवळची एक जागा अशा कुटुंबासाठी मोकळी ठेवणे, ध्वनिवर्धकापासून दूर बसवणे, सणाच्या आदल्या दिवशी रिकाम्या देवालयात मुलाला फिरवून आणणे यांस खर्च काही नाही.

प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराबाबत पालक कचरतात : मुलाला प्रश्नोत्तरे पाठ होत नाहीत, मग कसे? मुलाला पवित्र भाकर व साधी भाकर यांतील भेद कळणे पुरेसे असल्याचे पोप दहावे पायस यांच्या काळात, १९१० मध्येच, स्पष्ट करण्यात आले. तो भेद शब्दांतच सांगितला पाहिजे असे नाही. मुलाच्या शांत होण्यातून, हात जोडण्यातूनही तो दिसू शकतो. ओस्तीचा स्पर्श जिभेला सहन होत नसेल तर अभिषेक न झालेल्या ओस्तीने घरी सराव करवता येतो, व अगदी लहान तुकडाही देता येतो. याविषयी धर्मगुरूंशी आधीच बोलावे.

शासकीय मार्ग

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करतात. पथक येईल तेव्हा ‘बोलत नाही’ ही तक्रार स्वतःहून सांगावी. मूल त्या दिवशी शांत असल्यास ती नजरेतून सुटते. पुढील तपासणी व अपंगत्व प्रमाणपत्र यांसाठी जळगाव व धुळे येथील शासकीय रुग्णालयांत चौकशी करावी. अर्ज केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर भरता येतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ज्या गटांसाठी आहे त्यांतही ती येते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण असून त्यात उपचारसत्रांचाही खर्च धरला जातो.

प्रमाणपत्राला अनेक घरांत विरोध होतो, विशेषतः मुलीच्या लग्नाच्या भीतीने. ते घेणे सक्तीचे नाही व ते कोणाला दाखवावे लागेल असेही नाही. परंतु दहावीच्या परीक्षेतील सवलतींचा अर्ज करण्याची वेळ येते तेव्हा ते हाताशी नसल्यास धावपळ होते.

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान ठरते, आणि बँक, मालमत्ता, शस्त्रक्रिया यांसाठी आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. ज्यांना स्वतःचे निर्णय घेणे शक्य नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार कायदेशीर पालक नेमता येतो. हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावयाचा असतो. आईवडिलांखेरीज जवळचे नातलग किंवा नोंदणीकृत संस्थाही पालक होऊ शकते. आईवडील साठीला पोहोचण्याची वाट न पाहता हा अर्ज अठराव्या वर्षीच करावा.